माझ्या आईच्या फोटोखालची ओळ

ताईंचा फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात कोपरापर्यंत खळीत होते. स्टँडच्या मागच्या भिंतीवर आमची पत्रकं चिकटवत होते. कुंचा बादलीत टाकला, एका बोटानं फोन उचलला आणि खांद्यानं कानाशी दाबून धरला.

ताई आमच्या संघटनेच्या, पुण्यात असतात. नवरा मेला की बाईच्या बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं, जोडवी काढायची, ही घाण बंद करा म्हणून आम्ही कोल्हापूर जिल्ह्यात गावोगाव फिरतो आणि ग्रामसभांना ठराव करायला लावतो. या कामाची एक पुस्तिका मराठीत निघाली होती. मजकूर माझा. आता तीच इंग्रजीत निघायची होती, बाहेरच्या लोकांना कळावं म्हणून, आणि तोही मजकूर मीच केला होता. मोबाइलवर एकेक शब्द शोधून.

"अगं, चौथ्या ओळीत तू लव्हिंग वाइफ लिहिलंयस आणि कव्हरवरच्या फोटोखाली बिलव्हेड वाइफ. एकच काहीतरी ठेव. उद्या संध्याकाळी फाइल प्रेसला जाणार."

"दोन्ही एकच की ताई."

"एकच कसं? लव्हिंग म्हणजे जी प्रेम करते ती. बिलव्हेड म्हणजे जिच्यावर प्रेम केलं जातं ती. फार फरक आहे. कुठलं ठेवायचं?"

"कुठलंही ठेवा. वाइफ महत्त्वाचं."

"असं कसं कुठलंही?" ताई हसल्या. "तुझ्याच आईबद्दल आहे. तुला माहीत असेल ना?"

फोन ठेवला. भिंतीवरच्या पत्रकाचा वरचा कोपरा सुटून लोंबत होता, तो तळव्यानं दाबून धरला आणि नको तितका वेळ दाबून उभी राहिले. मला नव्हतं माहीत.

आधी राग आला. मला आधी रागच येतो, ते माझं कामच आहे. वाटलं, या इंग्रजीला काय करायच्यात असल्या चौकश्या? इथं बाईला माणसात ठेवा म्हणून घसा फोडायचा, आणि यांना पाहिजे कोण कुणावर प्रेम करत होतं त्याचा पत्ता. पण बादली खोलीवर नेऊन ठेवली, हात धुतले, मेसचा डबा उघडला आणि दोन घासांनंतर झाकण परत लावलं. पंचवीस वर्षं मी त्या बाईची मुलगी आहे. एवढ्या वर्षांत तिच्या नवऱ्याचं तिच्यावर प्रेम होतं की नाही, तिचं त्याच्यावर होतं की नाही, हे मला एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं. आणि कव्हरवर तिचा फोटो होता.

त्या फोटोबद्दल सांगितलं पाहिजे.

माझे वडील, आण्णा, गुळव्या होते. गुऱ्हाळात कायलीतला रस किती शिजला, गूळ कधी उतरायचा, हे ज्याच्या नजरेवर चालतं तो माणूस. हंगामाचे चार महिने ते या गुऱ्हाळावरून त्या गुऱ्हाळावर असायचे. घरी आले की जेवायचे आणि झोपायचे. बोलणं कमी. मारझोड नाही, दारू नाही. आमच्या गावात एवढ्यावर माणसाला देव म्हणतात. दीड वर्षापूर्वी एका दुपारी गुऱ्हाळावरच छातीत कळ आली आणि गेले.

मी कोल्हापुरातून पोचले तेव्हा अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. प्रेताला आंघोळ झालेली. आईला शेजारी बसवलेलं. माझी चुलती आणि भावकीतल्या दोन विधवा तिचे हात धरून बसल्या होत्या. आईच्या हातात हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या आणि त्या आता फुटणार होत्या.

मी तिथं जे केलं ते पाच गावांत सांगितलं गेलं. त्यातल्या तीन गावांत मी स्वतःच सांगितलं. गर्दीतून वाट काढत गेले, चुलतीचे हात आईच्या मनगटावरून बाजूला केले आणि उभी राहून म्हणाले, "इथं एकही बांगडी फुटणार नाही. आपल्या ग्रामसभेचा ठराव झालाय. माझा बाप मेलाय, माझी आई नाही मेली."

चुलती म्हणाली, "अगं बया, मढं उचलायचं हाय. भाषान काय करतीस?"

"उचला की. बांगड्या फोडल्याशिवाय उचलत नाही का ते?"

कुणीतरी हसलं. म्हाताऱ्या बाया उठून मागं सरकल्या. आई काही बोलली नाही. ती गप्प राहिली याचा अर्थ मी माझ्या सोयीनं घेतला. आमच्या मराठी पुस्तिकेत दुसऱ्याच पानावर ठळक अक्षरात छापलंय, बाई गप्प बसली म्हणजे तिनं होकार दिला असं समजू नका. ते वाक्यही माझंच.

दुसऱ्या दिवशी वडगावातला एक बातमीदार आला. त्यानं आईला उंबऱ्यात बसवून फोटो काढला. दोन्ही हात गुडघ्यावर, मनगटभर बांगड्या, कपाळाला कुंकू, नजर कॅमेऱ्याकडं नाही, थोडी बाजूला. पेपरात मोठा फोटो आला. वर माझी ओळ होती, 'बांगड्या फुटल्या नाहीत, रूढी फुटली!' पुस्तिकेत त्याच फोटोखाली आम्ही लिहिलं, उद्याच्या जगाकडे पाहणारी नजर. सगळे म्हणाले, काय नजर आहे बाईची.

तर ताईंच्या फोनच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच मी वडगावची एसटी धरली. बाजाराचा दिवस होता. बसायला जागा मिळाली ती कोंबड्यांची पाटी घेऊन बसलेल्या एका आजीशेजारी. माझ्या मांडीवर उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा होता. आजीनं विचारलं, "कशाचं हाय गं, लगनाचं?" मी एक पत्रक काढून तिच्या हातात दिलं. तिनं घडी घालून ते पाटीखाली सारलं, बूड ओलं होऊ नये म्हणून. एरवी मी त्यावरही बोलले असते.

वडगावहून पुढं आमच्या गावी, घरी पोचले तर आई म्हशीपुढं वैरण टाकत होती. आधी मला बघितलं, मग माझ्या मागं बघितलं. माझ्याबरोबर नेहमी कुणी ना कुणी असतंच. कार्यकर्त्या, पाहुणे, एकदा तर कॅमेरा घेऊन आलेली दोन पोरं.

"एकटीच आलीस?"

"हो."

"का? काय झालं?"

"काही नाही झालं. सहज."

"तू आनि सहज," ती म्हणाली आणि हात झटकत आत गेली. चुलीवर चहा ठेवला. गॅस आहे, पण एकटीसाठी कशाला पेटवायचा म्हणते. घरात एकच ताट बाहेर होतं, पालथं घातलेलं. बाकीची फळीवर धूळ खात होती. आण्णांच्या वेळीही चार महिने ती एकटीच असायची, पण तेव्हा फळीवर धूळ नव्हती.

मी प्रस्तावना केली नाही. मला ती नीट जमतही नाही. म्हटलं, "आई, त्या पुस्तकात तुझ्या फोटोखाली इंग्रजीत लिहायचंय. दोन शब्द आहेत. एक लव्हिंग."

"म्हंजी?"

"जी प्रेम करते ती. आणि दुसरा बिलव्हेड. म्हणजे जिच्यावर कुणीतरी प्रेम करतं ती. तुला कुठला लागू पडतो?"

आईनं चहाची गाळणी तशीच हवेत धरली. मग हसली. खूप दिवसांनी हसली असेल, कारण हसता हसता तिला ठसका लागला. "एवढ्यासाठी तिकिटाला पैसं घातलंस? पोरी, दुसरा खोडून टाक. बिनघोर खोड."

"असं कसं? आण्णा काही वाईट नव्हते."

"वाईट हुतं असं कोन म्हनलं? तुझ्या बापाला कायलीतलं समदं कळायचं. बुडबुडा बघून सांगायचा, आता उतरा, आता न्हाई. मानसातलं न्हाई कळायचं. मी तापानं फणफणल्याली असले तरी इचारायचा, मीठ कमी पडलंय व्हय? त्येचा काय दोष? त्येच्या बापानं त्येला तेवढंच शिकवलं."

"मग पहिला? तू करत होतीस?"

चहा गाळून तिनं कप माझ्यापुढं सरकवला. स्वतःचा घेतला नाही.

"सव्वीस वरसं भाकरी थापली," ती म्हणाली. "हंगामात त्यो कोंच्या गुऱ्हाळावर हाय त्ये दुसऱ्याकडनं कळायचं. यायचा दिवस कळला की मी दारात दोनदा जास्त झाडायची. ह्याला तुज्या विंग्रजीत काय म्हनत्यात ते तूच बघ. मला इचारू नगंस."

मला वाटलं, झालं, मिळालं उत्तर. लव्हिंग. बिलव्हेड खोडायचा. फोन काढला ताईंना कळवायला. तेवढ्यात आई म्हणाली, "पर त्यो फोटो नगं."

"का गं? चांगला आहे की. सगळे म्हणतात केवढी नजर..."

"कसली नजर? मी तुझ्याकडं बघायली हुते. तू त्या पेपरवाल्याच्या खांद्यापशी हुबी हुतीस, त्येला ठरावाची तारीख लिवून देत हुतीस. मला वाटत हुतं आता बघशील, मग बघशील."

मी फोन मांडीवर उलटा ठेवला.

पुढचं तिनं भांडल्यासारखं सांगितलं नाही. भांडली असती तर मला बरं पडलं असतं, भांडणात मला उत्तरं सुचतात. ती म्हशीचं सांगावं तसं सांगत होती. "त्या दिशी मला रडायला आलं न्हाई. अजून आल्यालं न्हाई. त्या बाया हात धरत्यात न्हवं, दोघी हिकडनं, दोघी तिकडनं, घट्ट धरत्यात. त्यातल्या किती जनी सवता कवातरी तिथं बसल्याल्या असत्यात. बांगडी वाढली की त्या रडत्यात, मग जिची वाढली ती रडती. मी धा जनींचं हात धरल्यात तसं. माझं धरलं, आनि तू येऊन सोडवलंस. मग कुनीच धरलं न्हाई. समदी लांब सरकली. मला म्हायती हाय गं, ती चाल वाईट हाय. माझ्या आईच्या हातात काच घुसली हुती, पू झाला हुता, मी बघिटलंय. तू जे करतीस ते बराबर हाय. पर तू मला इचारलं न्हाईस."

"विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

"त्येच तर. काय म्हनले असते ते आता कुठं कळतंय?"

आमच्या गावात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. अशुभाला गोड नाव देण्याच्या या सवयीवर मी एक अख्खं पत्रक काढलंय. त्या क्षणी त्यातलं एकही वाक्य मला आठवत नव्हतं. मी बघत होते तिच्या मनगटांकडं. हिरव्या बांगड्या तशाच होत्या, भरलेल्या. आणि मग डोक्यात आलं, दीड वर्ष काचेच्या बांगड्या कशा टिकतील? ही वैरण कापते, धार काढते, शेणी लावते.

"या त्याच आहेत?"

"त्या कवाच गेल्या. पैल्या म्हयन्यातच चार गेल्या, म्हशीनं लाथ मारली तवा. मग जाईल तशी भरायची."

"कुणाकडून? आपल्या कासाराकडून?"

"गावातला कासार भरतुया व्हय? त्यो म्हनला, वैनी, माझ्या हातनं नगा भरू, बाया माझ्याकडं यायच्या बंद हुतील. वडगावच्या बाजारात जाती. तिथं एक कासारीन बसती, तिला म्हायती न्हाई. पैल्यांदा म्हनली, मालक काय करत्यात? मी म्हनलं, गुळव्या हायत." आईनं मान खाली घातली. "खोटं बोलले. दर खेपंला बोलती. गेल्या खेपंला म्हनली, मालकांस्नी सांगा गूळ धाडा. काय सांगू मी तिला?"

"अगं मग कशाला भरतेस?"

"तू आलीस की आदी माझ्या हाताकडं बघतीस. मग तोंडाकडं."

बाहेर म्हैस ओरडली. आई उठली नाही.

मी बोलणारी बाई आहे. माइक नसला तरी शंभर माणसांना ऐकू जाईल असा आवाज आहे माझा. माझ्या फोनमध्ये सरपंच आहेत, ग्रामसेवक आहेत, अंगणवाडीच्या बाया आहेत, प्रत्येकाच्या पुढं गावाचं नाव घालून ठेवलेलं. मी तिथं बसले होते आणि मला एवढंच कळत होतं की या घरात माणूस फिरकत नाही. शेजारणी हळदीकुंकवाला हिला बोलवत नाहीत, कारण नवरा गेलाय. विधवा हिला आपल्यात घेत नाहीत, कारण ही बांगड्या घालते. संक्रांतीला आम्ही समाजमंदिरात सगळ्या बायकांचं हळदीकुंकू घेतलं तेव्हा चौघी आल्या. फोटोत गर्दी दिसावी म्हणून आम्ही कार्यकर्त्या मागं उभ्या राहिलो होतो. त्यानंतर आईला कुणी कुठं बोलावलं का, हे मी विचारलं नव्हतं. बोलावलं असेल असं धरून चालले होते. रूढी फुटली होती ना!

आणि हे लिहिताना कुणाला असं वाटायला नको की मी उलटले. त्या चुलतीनं, त्या भावकीनं, त्या कासारानं एका बाईला दीड वर्ष वाळीत टाकलं, आणि त्याला कुणी वाळीत टाकणं म्हणतसुद्धा नाही, कारण पाणी भरू देतात. थू आहे त्यांच्यावर. पण त्या अंगणातून तिच्या हातांना धरणारे हात मी काढले आणि त्या जागेवर माझे ठेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही मी तारीख लिहून देत होते. हे त्यांच्या खात्यावर टाकता येत नाही.

"काढायच्या का बांगड्या?" मी विचारलं. "तुझी इच्छा असेल तर. साबण लावून काढू. मी कुणाला काही सांगणार नाही."

आईनं हात पुढं करून बघितले. बराच वेळ बघितले. कासारणीकडं नवीन बांगडी भरल्यावर बघतात तसे, उलटसुलट करून.

"त्येच्या नावाच्या हुत्या त्या गेल्या," ती म्हणाली. "ह्या मी घेतल्याल्या हायत. दुधाच्या पैशातनं. ऱ्हाऊ देत की. आवडत्यात मला. पुढल्या खेपंला तिला खरं सांगंन. भरली तर भरली."

"मी येऊ बरोबर?"

"नगं. तू आलीस की भाषान करशील."

यावर मी हसले आणि ती हसली नाही. मग ती सरकून माझ्यासमोर बसली, आणि मला काही कळायच्या आत तिनं आपली दोन्ही मनगटं माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाली, "धर."

मी धरली. बांगड्या माझ्या तळव्यात रुतल्या. हात कसा धरायचा असतो तेही मला येत नव्हतं. मी नाडी बघितल्यासारखे धरले होते.

"तसं न्हवं. घट्ट धर की. मी काय फुटती व्हय?"

घट्ट धरले. आम्ही दोघी तशा बसून राहिलो. तिला रडायला यावं म्हणून मी वाट बघत होते, आणि तीही बघत होती असं वाटलं, डोळे मिटून, शिंक यायची वाट बघावी तशी. आलं नाही. बाहेरून कुणाची तरी सायकल गेली. थोड्या वेळानं ती म्हणाली, "न्हाई येत. वेळ गेली त्येची," आणि हात सोडवून घेऊन म्हशीकडं गेली.

दुपारी ताईंचा मेसेज आला, कळव. मी वडगावच्या स्टँडवर परतीच्या गाडीची वाट बघत होते. लिहिलं, दोन्ही शब्द काढा, फोटोही काढा. लगेच फोन आला.

"अगं, वेडी आहेस का? तो फोटो म्हणजे आख्खं पुस्तक आहे. संध्याकाळी छापायला जातंय. कारण काय?"

मी बोलायला सुरुवात केली. संमती, गृहीत धरणं, चळवळीतली घाई, चळवळीतल्या बायकांनी बायकांच्या वतीनं बोलणं. तीन मिनिटं बोलले असेन. सगळी वाक्यं पूर्ण होत होती, एकही अडत नव्हतं. स्टँडवरचे दोघेतिघे वळून बघायला लागले. मग मलाच माझा आवाज ऐकू आला आणि मी मध्येच थांबले.

"ताई," मी म्हटलं, "मी तिला विचारलं. ती नाही म्हणाली."

"एवढंच?"

"एवढंच."

मग ताई म्हणाल्या, ठीक आहे, बघते, आणि फोन ठेवला. इंग्रजी पुस्तिका नंतर निघाली. कव्हरवर नुसती अक्षरं आहेत, कुणीही हातात घेत नाही असं ताई म्हणतात, आणि त्यांचं म्हणणं बरोबर असेल.

मी अजून गावोगाव जाते. अजून त्या अंगणांत उभी राहते. फरक एवढाच की आता आधी त्या बाईपाशी खाली बसते आणि तिला विचारते, हळू आवाजात, जो मला अजून नीट जमत नाही. बहुतेक जणी नको म्हणतात, फोडू नका म्हणतात, आणि मग मी भावकीशी यथेच्छ भांडते. गेल्या महिन्यात गडहिंग्लजकडच्या एका गावात एक बाई म्हणाली, फोडा. मी तिचा एक हात धरला. काच फुटली आणि तिनं माझ्या खांद्यात तोंड खुपसून हंबरडा फोडला. आमच्या बैठकीत माझ्यावर त्यावरून ठपका आला, कार्यकर्तीनं माघार घेतली म्हणून. मी त्यावर काही बोलले नाही. सगळ्यांना आश्चर्य वाटलं.

बैठक संपल्यावर खोलीवर येऊन आईला फोन केला. तिला हे सांगायचं होतं. ती बाई कशी रडली, किती घट्ट धरलं होतं तिनं मला. आईनं उचलला, म्हणाली धार काढतीया, मग करती. मी म्हटलं, कर. अजून तिनं केला नाही.